दाढेत भरलेलं पांढरं सिमेंट नक्की किती टिकतं? चांदीच बरी होती का?

बेदाणा_तासगाव
मंडळी, दाताचा विषय आहे, कुणाला अनुभव असेल तर सांगा. खालच्या उजव्या दाढेत दोन दाढांच्या मधे कीड होती, ती साफ करून पांढरं सिमेंट भरलं, म्हणजे ते निळी लाईट मारून कडक करतात ते कंपोझिट. दिसायला एक नंबर, कुठं भरलंय ते मलापण शोधावं लागायचं. पण आता तिथं जेवताना सारखं अडकतंय, गार पाणी लागलं की कळ जाते, आणि परवा दुसऱ्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं की भरलेल्याच्या खाली परत कीड लागलीय. डाव्या बाजूला कॉलेजात असताना भरलेली चांदी आहे, काळीकुट्ट झालीय पण हलायचं नाव नाही. मग हे पांढरं मटेरियलच हलकं असतं का? एकीकडे साधं सांगतात, दुसरीकडे इम्पोर्टेड म्हणून डबल पैसे सांगतात. त्या डबलमधे खरंच काय फरक असतो? डॉक्टरला विचारायचं तर काय विचारायचं हेच कळत नाही.

कृष्णाकाठचा_वाळवेकर
चांदीच भारी. माझी बारावीत भरलेली, आता पोरगी बारावीत आहे. पांढऱ्याचं सगळं दिसण्यापुरतं.

अजिंक्यतारा
आमच्या साताऱ्यात आता चांदी भरणारा डॉक्टर शोधावा लागतो. विचारलं की म्हणतात आम्ही ठेवतच नाही.

भडंग_प्रेमी
दाढेत अडकतंय म्हणजे भडंगातले शेंगदाणे असणार, आधी ते बंद करा 😄

मिरजेचा_दातवाला
बेदाणा दादा, मी मिरजेत प्रॅक्टिस करतो, जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न रोज एक पेशंट तरी विचारतोच आणि खुर्चीत तोंड उघडं असताना एवढं सांगता येत नाही.

कंपोझिट म्हणजे रेझिन, म्हणजे कडक होणारा प्लास्टिकसारखा पदार्थ, आणि काचेची बारीक पूड. वजनाने बघितलं तर दाढेसाठीच्या मटेरियलमधे साधारण ७० ते ८० टक्के काचच असते, रेझिन तिला धरून ठेवतं आणि काच न रेझिन एकमेकांना चिकटावेत म्हणून काचेच्या कणांवर सायलेन नावाच्या जोडणाऱ्या रसायनाचा हात दिलेला असतो. त्यातलं मुख्य रेझिन बिस-जीएमए, ते अमेरिकेत राफेल बोवेन यांनी शोधलं, पेटंट १९६२ चं. त्याच्यात सुधारणा होत होत आजचं नॅनो वगैरे आलेलं आहे आणि नुसत्या ताकदीचं बघितलं तर आजचं कुठल्याही बऱ्या कंपनीचं कंपोझिट दाढेवर चावायला पुरून उरतं. तुमची भरणी झिजून किंवा तुटून गेलेली नाही, कडेने गेलीय. म्हणजे सांधा गेला. आणि कंपोझिटमधे सगळा खेळ त्या सांध्याचाच आहे.

चांदी दाताला चिकटत नाही. खड्डा आत रुंद बाहेर अरुंद कोरायचा, त्यात दाबून बसवायची, ती अडकून राहते. त्यासाठी चांगला दातसुद्धा कोरावा लागतो. कंपोझिट चिकटवावं लागतं. ते चिकटवणं सुरू झालं १९५५ मधे, मायकेल बुओनोकोर नावाच्या डॉक्टरांनी फॉस्फोरिक ॲसिड दाताच्या इनॅमलवर, म्हणजे बाहेरच्या कडक थरावर, लावून बघितलं. धातूवर रंग नीट धरावा म्हणून कारखान्यात असं ॲसिड वापरायचे, त्यावरून त्यांना सुचलं. त्यांनी ८५ टक्क्यांचं घेतलेलं, आम्ही आता ३७ च्या आसपासचं निळं जेल वापरतो. गिलाव्याआधी काँक्रीटला टाचे मारतात ना, तेच काम ते ॲसिड करतं, इनॅमलला सूक्ष्म खाचा पाडतं, मग बाँडिंगचं पातळ रेझिन त्यात उतरतं आणि लाईट मारली की तिथंच कडक होऊन रुतून बसतं.

इनॅमलवर हे जवळपास हमखास जमतं कारण इनॅमल वजनाने ९६ टक्क्यांच्या आसपास नुसतं खनिज आहे, कोरडं करता येतं. अडचण आतल्या डेंटिनची. त्यात खनिज ७० टक्के, बाकी कोलॅजनचे धागे आणि पाणी, शिवाय नसेकडून येणाऱ्या बारीक नळ्या, त्यातून ओल येतच राहते. ॲसिड मारून धुतलं की कोलॅजनचे धागे उघडे पडतात, ते फार वाळवले तर आडवे पडून चिकटतात आणि बाँडिंग आत शिरत नाही, फार ओलं ठेवलं तरी बाँडिंग पाण्यात पातळ होतं. मधली अवस्था साधायची आणि ती काही सेकंदांची असते. १९८२ मधे जपानच्या नाकाबायाशींनी दाखवलं की रेझिन त्या धाग्यांच्या जाळीत शिरून एक मिश्र थर तयार होतो, हायब्रिड लेयर म्हणतात त्याला. तो थर नीट झाला तर सांधा टिकला, नाही झाला तर वरून कितीही चकचकीत दिसू दे.

आता तुमची दाढ. दोन दाढांच्या मधली कीड हिरडीपर्यंत खाली गेलेली असते. तिथं तळाला इनॅमल एकदम पातळ किंवा संपलेलंच, बाजूला हिरडी, तिचं रक्त, लाळ, आणि लाईट वरून लांबून येणार. भरणीतली सगळ्यात अवघड जागा तीच आणि परत कीड लागते ती बहुतेक वेळा तिथंच.

बेदाणा_तासगाव
बापरे. एवढं कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे इम्पोर्टेडचे डबल पैसे देऊन उपयोग नाही?

मिरजेचा_दातवाला
अगदी नाही असं नाही, पण मला कुणी विचारलं की साधं मटेरियल रबर डॅम लावून की भारी मटेरियल कापसावर, तर मी डोळे झाकून पहिलं सांगेन. रबर डॅम म्हणजे ते रबराचं पातळ शीट, त्याला भोक पाडून दात बाहेर काढतात, बाकी तोंड मागं राहतं. १८६४ पासून आहे, नवीन काही नाही. वेळ खातं म्हणून बरेच जण लावत नाहीत. कापसाचे रोल आणि सक्शन नीट सांभाळूनही चांगलं काम होतं, विशेषतः वरच्या दाढांना, पण खालच्या मागच्या दाढेला जीभ आणि लाळ काय करतात ते आमचं आम्हाला माहीत.

पॉलिमर_पाटील
मी दातवाला नाही, रेझिनवाला आहे, कुपवाड एमआयडीसीत कोटिंगच्या धंद्यात. डॉक्टरांच्या म्हणण्यात एक भर घालतो. रेझिन कडक होताना आकसतं, हे कुठल्याही ॲक्रिलेटचं होणारच, सुटे रेणू एकमेकांना बांधले गेले की अंतर कमी होतं. दाताच्या कंपोझिटमधे घनफळाने साधारण २ ते ३ टक्के. आकडा छोटा वाटतो, पण खड्ड्याच्या पाच बाजूंना चिकटलेलं आणि फक्त वरून मोकळं असेल तर आकसायला जागाच नाही, सगळा ताण चिकटलेल्या कडांवर. चिकटलेली बाजू भागिले मोकळी बाजू असा हिशोबच आहे त्याचा, सी-फॅक्टर म्हणतात. सपाट पृष्ठभागावर हा आकडा कमी, डबीसारख्या खड्ड्यात ५ पर्यंत जातो. म्हणून थर थर करून भरतात, एका वेळी २ मिलिमीटर. बल्क-फिल नावाचं येतं ते ४ मिलिमीटरपर्यंत एकदम चालतं, ते जास्त पारदर्शक असतं आणि ताण कमी येईल असं बनवलेलं असतं. पण साधं मटेरियल घेऊन चार मिलिमीटर एकदम भरलं तर वरचं कडक आणि तळाचं चिकट राहणार, आणि पेशंटला कळणार कसं? नाहीच कळत.

दुसरं लाईटचं. आत जो पदार्थ लाईटने चालू होतो तो बहुतेक कॅम्फरक्विनोन, त्याला ४६८ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश लागतो. लाईट दातापासून लांब धरली, तिरकी धरली, टोकाला जुनं कंपोझिट चिकटलेलं असलं की जोर कमी. आमच्याकडे यूव्ही दिव्याचा जोर मीटरने मोजतात, दवाखान्यात कोण मोजतं का हो डॉक्टर?

मिरजेचा_दातवाला
मोजायला पाहिजे, रेडिओमीटर मिळतो, स्वस्त आहे. कोण मोजतं ते विचारू नका, भांडण लागेल. पाटील साहेब एक पुढचं सांगतो, सगळं व्यवस्थित केलं तरी रेझिनच्या रेणूंना एकमेकांशी जोडणाऱ्या दुहेरी बंधांपैकी ५० ते ७० टक्क्यांच्या आसपासच जुळतात, पूर्ण शंभर टक्के कधीच नाही. लाईटमधे कंजूषी केली की त्याच्याही खाली.

कृष्णाकाठचा_वाळवेकर
म्हणजे सगळा दोष हाताचा, मटेरियल धुतल्या तांदळाचं? डॉक्टर लोक एकमेकांवर ढकलतात आणि पैसे पेशंटचे जातात. चांदीला ना रबर लागत होतं ना लाईट. ओल्या तोंडात ठोकून भरली तरी पिढी निघाली.

मिरजेचा_दातवाला
वाळवेकर काका, तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे आणि ते अर्धं मोठं आहे. चांदी ओलीचं थोडंफार सहन करते आणि कालांतराने तिच्या कडेला गंजाचा थर साठून फट आपोआप बुजते. कंपोझिटची फट आपोआप बुजत नाही, उलट वाढते. रेझिन थोडं थोडं पाणी पितं, बाँडिंगच्या थरात पाण्याने विघटन होतं, आणि डेंटिनमधेच एमएमपी नावाची एन्झाइम्स असतात, ती ॲसिडने जागी होतात आणि जे कोलॅजन रेझिनने नीट झाकलं गेलं नाही ते हळूहळू खाऊन टाकतात. म्हणून काही जण बाँडिंगआधी क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक लावतात, त्याने ती एन्झाइम्स दबतात. शिवाय कंपोझिटवर जंतूंचा थरही चांदीपेक्षा जास्त जमतो. म्हणजे मटेरियलचे दोष आहेतच.

पण दुसरं अर्धं ऐका. ही चांदी म्हणजे अमालगम, तिच्यात निम्मा पारा असतो. तोंडातल्या चांगल्या चांदीला घाबरून काढायची काही गरज नाही, उलट काढताना पाऱ्याची वाफ जास्त येते. प्रश्न आहे तो पारा पुढं जातो कुठं, गटारात, स्मशानात, पाण्यात. म्हणून पाऱ्यावरचा आंतरराष्ट्रीय मिनामाता करार झाला २०१३ मधे, २०१७ पासून लागू, भारताने २०१८ ला मान्यता दिली. २०२२ मधे त्यात आलं की १५ वर्षाखालची मुलं आणि गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बायका यांना डॉक्टरला अगदीच गरज वाटल्याशिवाय चांदी भरू नये. युरोपियन युनियनने २०२५ च्या जानेवारीपासून जवळपास बंदच केली. तेव्हा चांदी परत येईल या आशेवर बसू नका, कंपोझिट नीट कसं भरायचं हेच शिकावं लागणार, आम्हालाही.

आणि टिकण्याचं म्हणाल तर दाढेतल्या कंपोझिटच्या पाहण्यांत साधारण शंभरातल्या एक ते तीन भरण्या दर वर्षी निकामी होतात, म्हणजे दहा वर्षांनी बहुतांश जागेवर असतात. ज्यांच्या तोंडात मुळातच कीड जास्त त्यांच्यात हा दर चांगलाच वाढतो. तुमची बारावीतली टिकली यात चांदीचा वाटा आहे तसा तुमच्या घासण्याचाही आहे.

कृष्णाकाठचा_वाळवेकर
घासतो बुवा रोज दोनदा. पटलं असं म्हणत नाही, पण उत्तर दिलंत ते आवडलं.

जतचा_गडी
डाक्टर एक इचारू का. आमची म्हातारी मिश्री लावती, सकाळ दुपार संध्याकाळ, बोलून उपेग न्हाई. तिच्या दातांना हिरडीपाशी खोबणी पडल्यात आडव्या, गार गरम लागतंय. दोनदा भरलं, दोन्ही येळा पडलं. डाक्टर म्हणतो परत भरू. किती येळा भरायचं?

मिरजेचा_दातवाला
दादा, आपल्या भागातला हा फार मोठा विषय आहे, आणि पुस्तकात जे दात दाखवतात ते मिश्रीचे नसतात. वर्षानुवर्षं घासून घासून डेंटिन उघडं पडलं की शरीर आपणहून त्याच्या नळ्या खनिजाने बुजवतं, तो भाग पिवळट काचेसारखा चमकतो. त्याच्यावर ॲसिडचा परिणाम कमी होतो, रेझिन आत शिरायला वाटच नाही, म्हणून बाँडिंग कच्चं राहतं. त्यात ती जागा हिरडीला टेकलेली, ओल असणारच. अशा ठिकाणी वरचा चमकदार थर बरने, म्हणजे दात कोरायच्या मशीनच्या टोकाने, जरा खरवडून घ्यावा लागतो, आणि मी स्वतः बऱ्याचदा तिथं कंपोझिट न भरता ग्लास आयोनोमर भरतो. ते वेगळं मटेरियल, १९७० च्या सुमाराला इंग्लंडमधे विल्सन आणि केंट यांनी काढलेलं. ते दातातल्या कॅल्शियमशी रासायनिक चिकटतं, फ्लोराईड सोडतं, थोडी ओल चालवून घेतं. दिसायला कंपोझिटइतकं सुरेख नाही आणि झिजतं लवकर, पण हिरडीलगतच्या खोबणीत टिकून राहण्यात ते चांगलं ठरलंय. म्हातारीला दिसण्याचं काही नसेल तर तेच सांगा. आणि मिश्री चालूच राहिली तर काहीही भरलं तरी घासूनच जाणार. बंद होत नसेल तर निदान एकदा तोंड आतून तपासून घ्या, गालाच्या आत पांढरा चट्टा आहे का बघू द्या, ते दातापेक्षा महत्त्वाचं.

जतचा_गडी
व्हय, दावतो. मिश्री सोडायचं तुमीच सांगा तिला, माझं ऐकत न्हाई.

हळदवाला
मी सांगली मार्केट यार्डात. आमच्या हळदीला २०१८ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं त्याचा अभिमान आहे पण माझ्या पुढच्या दाताची तिनंच वाट लावली. पडून दात तुटलेला, कंपोझिटने इतका सुंदर करून दिला की बायकोला पण ओळखू आला नाही. आता कडेने पिवळी रेघ आणि अख्खा तुकडा बाजूच्या दातापेक्षा पिवळा. सौदे चालू असताना तोंडात नाकात धूळ जातेच. हे घासून निघतं का बदलावं लागतं?

मिरजेचा_दातवाला
हळद, चहा, पान, तंबाखू, यात हळद सगळ्यात वाईट. तिच्यातला पिवळा रंग, करक्युमिन, रेझिनला पटकन धरतो, कंपोझिटच्या रंगबदलाचे प्रयोग करतात त्यात हळद नेहमी वरच्या नंबरात असते. पण तुमच्या दोन तक्रारी वेगळ्या आहेत. अख्खा तुकडा पिवळा हा बहुतेक वरवरचा, फेरपॉलिश केलं की बराच निघतो. शेवटचा थर हवेतल्या ऑक्सिजनमुळे नीट कडक होत नाही, चिकट राहतो, तो घासून पॉलिश करून काढावा लागतो किंवा ग्लिसरीनचं जेल लावून हवा बंद करून परत लाईट मारावी लागते. ते राहिलं असेल तर डाग पटकन धरतो. कडेची रेघ मात्र आत गेलेली असू शकते, ती म्हणजे तिथं बाँडिंग सुटायला लागलंय. तरी अख्खं काढायची घाई नको, तेवढीच कड कोरून, खरबरीत करून दुरुस्त करता येते. कंपोझिटचा हा मोठा फायदा, जुन्याला नवीन जोडता येतं.

सातारी_कंदी
आमच्याकडे भावानं उसाचं कांडं दातानं सोलताना असाच चिकटवलेला पुढचा दात तोडून आणला. आता परत चिकटवून उसाच्या सीझनला जाणार म्हणतोय.

मिरजेचा_दातवाला
कोयता घ्या म्हणावं. पुढच्या दाताला कड कमी आणि पिळवटणारा जोर जास्त, बाँडिंग कुठल्याही पिढीचं असू दे, उसापुढं टिकणार नाही.

अजिंक्यतारा
पिढीवरून आठवलं. माझ्या डॉक्टरांनी सांगितलं की आम्ही आठव्या पिढीचं बाँडिंग वापरतो म्हणून चार्ज जास्त. खरंच आठ पिढ्या असतात?

कराडकर_बीडीएस
मी कराडला शिकतेय, परीक्षेत हे हमखास येतं म्हणून पाठ आहे. पिढी म्हणजे बाटल्या कमी होत गेल्या एवढंच धरा. चौथ्या पिढीत ॲसिड वेगळं, प्रायमर (डेंटिन बाँडसाठी तयार करणारा द्रव) वेगळा, बाँड वेगळा, पाचव्यात प्रायमर-बाँड एकत्र, सहाव्या-सातव्यात ॲसिडपण त्यातच, आणि आठवी म्हणजे आता युनिव्हर्सल म्हणतात ते, कसंही वापरा. जास्त नंबर म्हणजे जास्त भारी असं नाही. तीन बाटल्यांवाली चौथी अजून प्रयोगांत आदर्श म्हणून ठेवतात. नवीन बाटल्यांत चांगली गोष्ट म्हणजे एमडीपी नावाचा रेणू, जपानच्या कुरारे कंपनीचा, तो दातातल्या कॅल्शियमशी रासायनिक बंध करतो. पण त्याचं स्वतःचं ॲसिड सौम्य असतं, इनॅमलच्या कडेला पुरत नाही, म्हणून आमच्या मॅडम सांगतात की नुसत्या कडेला फॉस्फोरिक जेल लावा आणि डेंटिनवर नको.

मिरजेचा_दातवाला
ताई अगदी बरोबर. मी एकच जोडतो. त्या बाटलीत ॲसिटोन किंवा अल्कोहोल असतं, ते उडतं. सकाळी उघडलेली बाटली झाकण न लावता एप्रिलच्या सांगलीत दुपारपर्यंत टेबलावर राहिली तर आठवी काय न पंधरावी काय. आणि लावल्यावर हवा मारून ते द्रव उडवायचं, मग लाईट. ही पाच-दहा सेकंदं सगळ्यात जास्त खाल्ली जातात.

वणीकर
आमच्याकडे यवतमाळ साईडला पाण्यात फ्लोराईड, दातांवर पांढरे-तपकिरी डाग. पुढच्या दातांवर कंपोझिट केलं तर धरेल का?

मिरजेचा_दातवाला
धरतं, पण फ्लोराईडचं इनॅमल ॲसिडला दाद देत नाही, वरचा थर हलका घासून जेल जास्त वेळ ठेवावं लागतं. आधी ब्लीचिंग करणार असाल तर नंतर लगेच बाँडिंग नको, आठवडा-दोन आठवडे थांबा, उरलेला ऑक्सिजन रेझिनला कडक होऊ देत नाही.

बेदाणा_तासगाव
अपडेट. डॉक्टरांकडे जाऊन आलो. रबर डॅम लावणार का विचारलं तर हसले आणि म्हणाले कुठं वाचलंत. लावतात म्हणे. कीड हिरडीच्या खाली थोडी गेलीय, नस वाचलीय असं वाटतंय. ते म्हणाले तळाला एक मटेरियल आणि वर दुसरं भरणार. हे बरोबर का? आणि मागच्या वेळी भरल्यावर कितीतरी दिवस चावताना ठणकत होतं, ते तेव्हाच काहीतरी चुकल्याचं लक्षण होतं का?

मिरजेचा_दातवाला
बरोबर आहे. तळाला जिथं इनॅमल नाही तिथं ग्लास आयोनोमर आणि वर कंपोझिट, सँडविच म्हणतात, तुमच्यासारख्या खोल जागेला योग्य. दोन दाढांच्या मधे पट्टी आणि वेज, म्हणजे छोटी पाचर, नीट बसवून घट्ट टेकवायला सांगा, नाहीतर कितीही चांगलं भरलं तरी अडकणं थांबणार नाही. ठणक्याचं दोन-तीन कारणांनी होतं, भरणी किंचित उंच राहिली तरी होतं, म्हणून निळा कागद चावायला देतात तेव्हा बधिर आहे म्हणून कसंही चावू नका, आणि घरी गेल्यावर उंच वाटलं तर दुसऱ्याच दिवशी परत जा. बाँडिंग नीट न बसल्यानेही होतं. मधे तात्पुरतं लवंगेच्या वासाचं सिमेंट भरणार असतील तर आठवण करा, त्यातलं युजेनॉल कंपोझिटला कडक होऊ देत नाही, ते पूर्ण साफ व्हायला हवं.

सातारी_कंदी
डॉक्टर शेवटचं. माझा मुलगा पहिलीत आहे, मागची दाढ काळपट दिसतेय. दुधाचीच आहे ना, पडेल म्हणून सोडलं तर चालेल?

मिरजेचा_दातवाला
सगळ्यात मागची असेल तर ती दुधाची नाही. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागं कायमची दाढ येते, काही न पडता येते म्हणून आईबापांना ती दुधाचीच वाटते. तिच्या खाचा खोल असतात. कीड लागली नसेल तर नुसतं जेल लावून वरून पातळ रेझिन ओतून खाचा बुजवतात, सीलंट, सुई नाही, कोरणं नाही. लागली असेल तर छोटी भरणी. या सुट्टीत दाखवूनच घ्या.

सातारी_कंदी
अरे देवा, मी दुधाचीच समजत होतो. शनिवारी नेतो. सरकारीत होतं का हे?

कराडकर_बीडीएस
डेंटल कॉलेजला तर होतंच, आमच्याकडे कराडला, तिकडे सांगलीत पण. लहान मुलांचा वेगळा विभाग असतो, केसपेपर काढताना तोच सांगा. सकाळी लवकर या, दुपारनंतर गर्दी.